लग्न झालेलं नाही आणि मुलाचं आडनाव बदलायचंय: नाशिकमध्ये नेमकं काय करायचं

लग्न झालेलं नसताना मूल झालं असेल, तर त्या मुलाला आईचं आडनाव लावायला वडिलांची परवानगी लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी नाशिकच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देण्याचं काम करते आणि ज्या ताया या कामासाठी येतात त्यांना कुणीतरी, कधी खिडकीवरच्या माणसाने, कधी शाळेच्या ऑफिसातल्या मॅडमनी, कधी घरच्यांनीच, "वडिलांची सही आणा मग बघू" असं सांगून परत पाठवलेलं असतं. मग ज्या माणसाचा पत्ता नाही, किंवा पत्ता आहे पण ज्याच्या दारात परत जायचं नाही, त्याची सही आणायची कुठून, या विचारात मुलाचं काम वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. त्रास होतो तो पोराला, ज्याचा काही दोषच नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय.

कायद्याची बाजू आधी बघू, ती वाटते त्यापेक्षा सोपी आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये कलम ६ आहे, त्यात लिहिलंय की लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर वडील. म्हणजे लग्नाच्या जोडप्यात वडील आधी येतात आणि इथे आई आधी येते, इतकं सरळ. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागतो. बाकीच्यांसाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे आणि तिथेही सुप्रीम कोर्टाने ६ जुलै २०१५ ला एक निकाल दिलाय जो प्रत्येक एकट्या आईला माहीत असायलाच हवा. त्या प्रकरणात एक ख्रिश्चन आई होती, लग्न झालेलं नव्हतं, मुलाला एकटीने वाढवत होती आणि तिला फक्त आपल्या बचतीवर आणि विम्यावर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून टाकायचं होतं. तिला सांगितलं गेलं की वडिलांचं नाव द्या नाहीतर कोर्टातून पालकत्वाचं सर्टिफिकेट आणा. ती कोर्टात गेली, तर कोर्ट म्हणालं वडिलांना नोटीस काढा. तिला त्या माणसाचं नावच सांगायचं नव्हतं. खालच्या कोर्टात हरली, दिल्ली हायकोर्टात हरली, शेवटी सुप्रीम कोर्टात न्या. विक्रमजित सेन आणि न्या. अभय मनोहर सप्रे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, वडिलांना नोटीस न काढता तिचा अर्ज विचारात घ्या म्हणाले आणि त्याच निकालात पुढे असंही सांगितलं की एकल पालक किंवा अविवाहित आई जन्मदाखला मागायला आली तर तिच्याकडून फक्त एक प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि दाखला द्यायचा. या निकालात आईचं नाव गुप्त ठेवलंय, ते प्रकरण 'एबीसी विरुद्ध दिल्ली सरकार' म्हणून ओळखलं जातं. त्याच महिन्यात भारताच्या महानिबंधकांनी सगळ्या राज्यांना पत्र काढलं की अशा नोंदीत एकाच पालकाचं नाव लिहा आणि दुसरा रकाना कोरा ठेवा.

आडनावाबद्दल वेगळा निकाल २८ जुलै २०२२ चा आहे, अकेला ललिता यांचा. तिथली आई विधवा होती, तिने दुसरं लग्न केलं आणि मुलाला नव्या घरचं आडनाव लावलं, त्यावर पहिल्या सासरच्यांनी हरकत घेतली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, आई ही मुलाची नैसर्गिक पालक आहे, मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क तिला आहे. आपल्या विषयाशी परिस्थिती तंतोतंत जुळत नाही, पण तत्त्व तेच आहे आणि अर्जात या निकालाचा उल्लेख केला की समोरचा माणूस जरा सावरून बोलतो, हा माझा अनुभव.

आता खरी गोंधळाची जागा. आपल्याकडे मराठी नाव तीन तुकड्यांचं असतं: मुलाचं नाव, मधे वडिलांचं, शेवटी आडनाव. त्यामुळे "आडनाव बदलायचंय" असं कुणी म्हणतं तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, ताई, नेमकं काय बदलायचंय, शेवटचं आडनाव, मधलं नाव, की दाखल्यावरचा 'वडिलांचे नाव' हा रकाना? कारण या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यांचा रस्ता एकच नाही. आडनाव आणि मधलं नाव हा मुलाच्या नावाचा भाग, तो तुलनेने सहज बदलतो. वडिलांच्या नावाचा रकाना म्हणजे हे मूल कोणाचं आहे याची सरकारी नोंद, तो कुणी सहजासहजी हलवत नाही आणि हलवूही नये. समजा दाखल्यावर 'आरव महेश गांगुर्डे' आहे आणि आईचं नाव सुनीता पगारे. आईला 'आरव सुनीता पगारे' करायचंय. ते होऊ शकतं. पण त्यामुळे वडिलांच्या रकान्यातलं 'महेश गांगुर्डे' आपोआप जाणार नाही. अनेक जणी इथेच फसतात. नाव बदललं की तो माणूस कागदावरून पुसला जाईल असं त्यांना वाटतं, तसं होत नाही.

बाळाची नोंद अजून व्हायचीय किंवा नुसतंच नाव टाकायचं राहिलंय

ही सगळ्यात चांगली स्थिती, म्हणून ज्यांची डिलिव्हरी व्हायचीय त्यांनी हा भाग नीट वाचा. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते आणि दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती दवाखाना देतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या आयुष्यातला पहिला सरकारी फॉर्म तुम्ही नाही, दवाखान्यातली सिस्टर किंवा काउंटरवरचा मुलगा भरत असतो, आणि ते घाईत "मिस्टरांचं नाव?" असं विचारतात आणि आपण गोंधळून, किंवा शेजारच्या बेडवरच्या बाईसमोर लाज वाटते म्हणून, काहीतरी सांगून टाकतो. तिथेच पुढच्या दहा वर्षांचं दुखणं सुरू होतं. शांतपणे सांगा की मी एकल पालक आहे, वडिलांचा रकाना कोरा ठेवा, प्रतिज्ञापत्र देते. फॉर्म दवाखान्यातून पुढे जायच्या आधी स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून वाचून घ्या.

बाळाचं नाव ठरलं नसेल तर ते रिकामं ठेवता येतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १४ मध्येच ती सोय आहे, नाव न टाकता नोंद करा आणि नाव मागाहून द्या. बारा महिन्यांच्या आत दिलं तर फी नाही, त्यानंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत टाकता येतं. त्यामुळे नाव आणि आडनावाबद्दल मनात जराही शंका असेल तर घाईने वडिलांचं आडनाव टाकण्यापेक्षा कोरं ठेवलेलं कधीही बरं, कारण कोऱ्या जागेत नाव भरणं आणि भरलेलं नाव बदलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रतिज्ञापत्रात फार काही लागत नाही. मी साधारण असं टाइप करते: "मी, वय अमुक, राहणार अमुक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, मी अविवाहित असून दिनांक अमुक रोजी अमुक रुग्णालयात जन्मलेल्या बालकाची मी जन्मदात्री आई व एकमेव पालक आहे. सदर बालकाचे संपूर्ण पालनपोषण मी करीत आहे. जन्मनोंदीत वडिलांच्या नावाचा रकाना कोरा ठेवून बालकाच्या नावापुढे माझे नाव व आडनाव लावावे." बस. वडील कोण, कुठे असतात, लग्न का झालं नाही, यातलं काहीही लिहायची गरज नाही, कुणी विचारलं तरी नाही. आणि एक पैशाचा मुद्दा, सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे कुणी महागाचा स्टँप पेपर आणायला लावला तर आधी विचारा की कुठल्या नियमाने.

२०२४ पासून महाराष्ट्रात आणखी एक बदल झालाय. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव या क्रमाने लिहायचं असा शासन निर्णय आहे. मनापासून सांगते, हा चांगला निर्णय आहे, कारण आता सगळ्याच मुलांच्या नावात आई आल्यामुळे वर्गात हजेरी घेताना एकट्या आईचं मूल वेगळं उठून दिसत नाही. वडिलांचं नाव नसेल तर मुलाचं नाव, आईचं नाव आणि आडनाव इतकंच राहतं.

नोंद झालीय पण आडनाव चुकीचं पडलंय

यासाठी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचंच कलम १५ आहे, नोंदीत चूक असेल किंवा ती गैरमार्गाने झालेली असेल तर निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा अधिकारी, ती दुरुस्त करू शकतो. लक्षात ठेवा, जुनी नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. आता प्रश्न एवढाच की तुमच्या प्रकरणाला 'चूक' म्हणता येतं का. आईने एकल पालक म्हणून सांगितलं होतं तरी दवाखान्याने अंदाजाने भलतंच आडनाव टाकलं, किंवा आईच्या आडनावात 'पगारे'चं 'पगार' झालं, तर ती चूक. पण जोडपं तेव्हा एकत्र राहत होतं, दोघांनी मिळून वडिलांचं नाव आणि आडनाव दिलं, आणि तीन वर्षांनी तो निघून गेला, तर ती नोंद त्या दिवशी बरोबरच होती. नंतर संबंध तुटले म्हणून ती चूक ठरत नाही. निबंधक अशा वेळी हात वर करतो आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं चुकत नाही, कायद्याने त्याच्या हातात तेवढंच दिलंय.

२०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर एक प्रकरण आलं होतं, त्यात आईने नवऱ्याशी वाद आहे म्हणून मुलाच्या जन्मनोंदीत एकट्या आपलंच नाव ठेवा असं मागितलं, कोर्टाने नकार दिला, म्हणाले की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाच्या जन्मनोंदीवर कुणीही असा हक्क सांगू शकत नाही. ते लग्न झालेलं जोडपं होतं, पण वडिलांचं नाव एकदा रीतसर लागलं की ते काढणं किती अवघड आहे हे त्यावरून कळतं. म्हणून मी सल्ला देते की अशा स्थितीत वडिलांच्या रकान्याशी झगडण्यात शक्ती घालवू नका, मुलाचं नाव आणि आडनाव बदलून घ्या, रोजच्या आयुष्यात तेच लागतं.

अर्ज कुठे करायचा, तर तुम्ही आज जिथे राहता तिथे नाही, मूल जिथे जन्मलं तिथे. जुना दाखला काढा, खाली कुठल्या निबंधकाचा शिक्का आहे ते बघा, तेच तुमचं ऑफिस. नाशिक मनपाचे सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि सिडको, त्यामुळे मनपाच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात जाऊन उभं राहण्याआधी आपला दाखला कुठल्या विभागाचा आहे ते बघून निघा. देवळालीत कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत जन्म असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, बाळंतपण माहेरी खेड्यात झालं असेल तर तिथली ग्रामपंचायत. अर्ज तोंडी कधीच करू नका. लेखी द्या, आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. "होत नाही" म्हणाले तर म्हणायचं, साहेब, होत नाही हे लेखी द्या, कुठल्या नियमाने होत नाही तेही लिहा. आवाज न चढवता एवढंच म्हणायचं. लेखी नकार मिळाला तर तो घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडे, माहिती अधिकारात किंवा कोर्टात जाता येतं. तोंडी नकार घेऊन कुठेच जाता येत नाही.

गॅझेट

मुलाचं नाव बदलायचा रुळलेला रस्ता म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र, ज्याला सगळे गॅझेटच म्हणतात. मुंबईला चर्नी रोडला शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय आहे, अर्ज त्यांच्याकडे जातो आणि तो ऑनलाइन भरता येतो, मुंबईला जावं लागत नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर अर्ज पालकाच्या सहीने, सोबत मुलाचा जन्मदाखला, पालकाचं ओळखपत्र. फॉर्ममध्ये जुनं नाव, नवं नाव आणि कारण असतं. कारणात कहाणी लिहू नका, "मुलाची एकल पालक व नैसर्गिक पालक या नात्याने आईचे नाव व आडनाव लावण्याकरिता" एवढं पुरतं. स्पेलिंग इंग्रजी आणि मराठी दोन्हीकडे दोनदा तपासा, छापून आल्यावर वेलांटीची चूक सापडली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दोन गोष्टी गॅझेटबद्दल कुणी आधी सांगत नाही. एक, गॅझेटमुळे आजपासून पुढे नवं नाव वापरायला आधार मिळतो, जन्मनोंदीचं रजिस्टर त्याने आपोआप बदलत नाही. दुसरी, गॅझेट ही जाहीर गोष्ट आहे, त्यात जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापलं जातं आणि कुणीही ते बघू शकतं. ज्या आईला त्या माणसापासून धोका आहे, पत्ता लपवायचाय, तिने आधी वकिलाशी बोलावं आणि मगच फॉर्म भरावा.

शाळा, आधार, पासपोर्ट

शाळेत सगळ्यात महत्त्वाचं असतं ते जनरल रजिस्टर, जाडजूड बांधणीचं, आडवं, प्रत्येक मुलाची एक ओळ, नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मतारीख, जन्मठिकाण. तिथे जे आहे तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं आणि तो दाखला पुढे जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत सगळीकडे मागतात. मूल शाळेत शिकत असतानाच नाव बदललं तर मुख्याध्यापक गॅझेट, जन्मदाखला आणि अर्ज लावून प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात, मंजुरी आली की रजिस्टरला दुरुस्ती होते. मुलाने शाळा सोडल्यावर मात्र हेच काम फार जड जातं. त्यामुळे दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याच्या आत, म्हणजे आठवी-नववीतच हे उरकून घ्या, बोर्डाच्या मार्कशीटवर एकदा जुनं नाव छापून आलं की मग शाळा, बोर्ड, कॉलेज तिन्हीकडे फिरावं लागतं. सीबीएसईच्या शाळेत असेल तर सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा जिग्या यादव निकाल आहे, त्यात कोर्ट म्हणालंय की स्वतःचं नाव हा माणसाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे आणि बोर्ड सरसकट नाही म्हणू शकत नाही.

पहिल्यांदाच प्रवेश घेताय तर आणखी सोपं, प्रवेश अर्जात वडिलांच्या जागी रेघ मारा आणि आई हीच पालक असं लिहा. ऑनलाइन फॉर्म वडिलांचं नाव भरल्याशिवाय पुढे जात नसेल तर खोटं नाव भरू नका, मामाचं किंवा आजोबांचंही नाही. मी बघितलंय, घाईत आजोबांचं नाव वडील म्हणून भरतात आणि मग आधारवर वेगळं, शाळेत वेगळं, दाखल्यावर वेगळं, हे निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो. ऑफिसमध्ये जाऊन लेखी अर्ज द्या.

आधार सगळ्यांत शेवटी बदला. लोक नेमकं उलटं करतात, आधारचं केंद्र जवळ असतं म्हणून तिथून सुरुवात करतात. आधारवर नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच असते, त्यातली एक मुलाच्या लहानपणीच अर्धवट कागदांवर वाया घालवू नका, मुलीच्या बाबतीत तर पुढे लग्नानंतर तिला कदाचित ती लागेल. आधी जन्मदाखला किंवा गॅझेट, मग शाळा, मग आधार, मग बँक आणि बाकीचं. पाच आणि पंधराव्या वर्षी मुलाचं बायोमेट्रिक अपडेट करावंच लागतं, तेव्हा नावाचं काम जोडून केलं तर एक चक्कर वाचते.

पासपोर्टचं म्हणाल तर तिथे लोक घाबरतात पण नियम त्यांच्याकडेच सगळ्यात मोकळे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र खात्याने नियम बदलले, तेव्हापासून अर्जात आई किंवा वडील, कुणाही एकाचं नाव चालतं आणि लग्नाशिवाय झालेल्या मुलासाठी वेगळं घोषणापत्र आहे. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट घेऊन जाताना ते घोषणापत्र भरून न्या.

तो हरकत घेतो तेव्हा

कागदावर वडील म्हणून नाव असलेला माणूस म्हणाला की माझं आडनाव काढू देणार नाही, तर मग विषय कोर्टात, म्हणजे नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात जातो. तिथे आई काय म्हणते किंवा बाप काय म्हणतो यापेक्षा मुलाचं हित कशात आहे हे बघतात, आणि मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणंही ऐकतात. लग्न झालेलं नसल्यामुळे कलम ६ प्रमाणे आईची बाजू मुळातच भक्कम असते. त्यात मूल कुणाजवळ राहतं, शाळेची फी कोण भरतं, आजारपणात दवाखान्यात कुणाची सही आहे, याचे कागद जवळ असले की आणखी बळ येतं, म्हणून फीच्या पावत्या आणि दवाखान्याच्या फायली फेकू नका. २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टात एक वडील असेच गेले होते, मुलीच्या कागदांवर आपलं आडनाव दाखवा म्हणून, तेव्हा न्या. रेखा पल्ली यांनी सांगितलं की मुलगी ही वडिलांच्या मालकीची नाही, प्रत्येक मुलाला आईचं आडनाव वापरायचा हक्क आहे.

ताबा किंवा पालकत्वाची केस आधीच चालू असेल तर मात्र मधेच गुपचूप गॅझेट करू नका, कोर्टाची परवानगी मागून करा, नाहीतर समोरचा वकील तेच धरून बसतो.

एक अडचण अशी येते जिचा विचार कुणी केलेला नसतो. आईचं आधी कुणाशी तरी लग्न झालेलं, घटस्फोट कागदोपत्री झालेला नाही, आणि मूल नंतरच्या जोडीदारापासूनचं. अशा वेळी ती कायद्याने अविवाहित धरली जात नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे लग्न टिकून असताना झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच मानून चालतो. इथे वरचं प्रतिज्ञापत्र करून देऊ नका, ते खोटं ठरेल. वकील गाठाच.

दोघं एकत्र राहतायत, लग्न केलेलं नाही, पण मुलाला वडिलांचं आडनाव लावायचंय, अशीही जोडपी येतात आणि त्यांचं काम सगळ्यात कमी कटकटीचं, दोघांनी मिळून लेखी द्यायचं, वडिलांनी हे मूल माझं आहे असं कबूल करायचं, दोघांची ओळखपत्रं जोडायची. एकट्या वडिलांकडे मूल असेल आणि आई निघून गेली असेल तर त्यांना आधी कोर्टातून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागेल, कारण कायद्याने पहिली पालक आईच आहे. आणि आईने पुढे दुसऱ्याशी लग्न केलं तर नव्या नवऱ्याचं आडनाव मुलाला लावता येतं, पण 'वडिलांचे नाव' या रकान्यात तो माणूस फक्त कायदेशीर दत्तक घेऊनच येऊ शकतो.

आडनाव बदलल्याने काय बदलत नाही

पोटगी बदलत नाही. मुलाला आईचं आडनाव लावलं म्हणून बापाची जबाबदारी संपली असं तो म्हणत असेल तर साफ खोटं आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये लग्नाशिवाय झालेल्या मुलालाही पोटगीचा हक्क आहे, पूर्वी हेच कलम १२५ होतं. वारसाहक्कही आडनावावरून ठरत नाही.

जातही बदलत नाही, आणि हा मुद्दा आपल्याकडे फार नाजूक आहे. आईचं आडनाव लावलं म्हणजे आईच्या जातीचा दाखला आपोआप मिळत नाही, जात पडताळणी समिती वडिलांकडचे पुरावे मागते. पण दार बंद नाहीये. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये रमेशभाई दाभाई नायका प्रकरणात म्हटलंय की मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाचे चटके त्यानेही सोसले, हे पुराव्याने दाखवता येतं. ते लग्न झालेल्या आंतरजातीय जोडप्याचं प्रकरण होतं, तरी एकट्या आईला त्याचा आधार घेता येतो. त्यासाठी आईचे, आजोबांचे शाळेचे दाखले आतापासून गोळा करून ठेवा, अकरावी-बारावीत धावपळ करू नका.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १९८७ च्या कायद्याने प्रत्येक बाईला आणि प्रत्येक लहान मुलाला तिथून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईलाही मिळतो. घरून फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे. जाताना मुलाचा जुना दाखला, तुमचं आधार, शाळेचं बोनाफाईड आणि आतापर्यंत दिलेल्या अर्जांच्या पोच असलेल्या कॉपी एका पिशवीत घालून न्या, आणि कुठल्याही ऑफिसात मूळ दाखला सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या आणि मूळ फक्त दाखवा.